दिवाळीचा फोटो गणपतीतच काढा

दिवाळीच्या आदल्या रात्री अकरा वाजता अख्ख्या घराला सोफ्यावर गोळा करून ‘चला, फोटो काढू’ म्हणणाऱ्यांना सरळ सांगतो: उशीर झालाय. आता जो फोटो निघेल तो जाग्या माणसांचा. आजी केव्हाच झोपल्यात, वहिनी चकल्यांच्या शेवटच्या घाण्यापाशी उभ्या आहेत आणि थोरला बंगळूरहून निघालेल्या बसमध्ये आहे. तरी सकाळी हाच फोटो ‘आमच्या संपूर्ण परिवाराकडून’ अशा ओळीखाली शे-दोनशे जणांना जातो. तिघं गैरहजर असताना परिवार संपूर्ण कसा?

सणाला घरच्या सगळ्यांचा फोटो छापून शुभेच्छापत्र पाठवायचं, ही रीत चांगली आहे. ती आपल्याकडे रुजायला हवी, आणि रुजवायची तर तयारी दोन महिने आधी सुरू करायला हवी. घाईत काढलेल्या फोटोतून दरवेळी तीच माणसं गळतात आणि घाईत केलेल्या यादीतूनही तीच. घरात राबणाऱ्या बायका आधी, म्हातारी माणसं त्यांच्या पाठोपाठ. वेळेवर तयारी करा असा धोशा मी लावतो तो या माणसांसाठी.

मुळात हे शुभेच्छापत्र जन्माला आलं ते पत्रं तुंबलेल्या एका माणसाच्या गरजेतून. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल नावाच्या सरकारी अधिकाऱ्यापुढे पत्रांचा ढीग साचला. प्रत्येकाला हातानं उत्तर लिहायला सवड नव्हती आणि उत्तर न देणं रीतीला धरून नव्हतं. त्यानं जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून नाताळचं एक चित्र काढून घेतलं, ते छापून घेतलं आणि एकेक शिलिंगला विक्रीलाही ठेवलं. हजारेक प्रती निघाल्या. चित्राच्या मधोमध टेबलाभोवती बसलेलं एक कुटुंब होतं, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत. दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न आणि वस्त्र देणारी माणसं. लहान मुलाच्या ओठांना वाइनचा पेला लावलेला दाखवला म्हणून दारूच्या विरोधकांनी टीकाही केली. पण पहिल्या कार्डातच एका घरच्या तीन पिढ्या होत्या, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

ते कार्ड घरोघरी जाऊ शकलं ते टपालामुळे. तीनच वर्षं आधी, १८४० मध्ये, ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर कुठेही पत्र जायला लागलं होतं, आणि त्या सुधारणेसाठी झटणाऱ्यांत हा कोलही होता. पुढे अमेरिकेत कोडॅकनं १९०३ साली थेट पोस्टकार्डाच्या मापाचा फोटो देणारा कॅमेरा आणला. मग लोक स्वतःच्याच कुटुंबाचा फोटो पोस्टकार्डावर छापून पाठवू लागले. तिथली पुष्कळ घरं आजही नाताळच्या कार्डाचा फोटो उन्हाळ्याच्या सहलीत किंवा ऑक्टोबरच्या कोवळ्या उन्हात काढून ठेवतात, नोव्हेंबरात छापतात आणि डिसेंबर लागताच पोस्टात टाकतात. अमेरिकेतल्या मराठी घरांनीही ही रीत उचलली. कुणी ती नाताळला पाळतं, कुणी दिवाळीला. तिथल्या टपाल खात्यानं ५ ऑक्टोबर २०१६ रोजी पणतीचं छायाचित्र असलेलं दिवाळीचं तिकीट काढलं. पाकिटावर पणती लावून दिवाळीचं कार्ड अमेरिकेत जातं, आणि जिथे दारोदारी पणत्या लागतात तिथे आपण कुणीतरी पाठवलेलं पणतीचं चित्र तसंच पुढे ढकलतो. त्या चित्रात ना आपलं दार असतं, ना आपलं माणूस.

आधीपासून तयारी करणं आपल्याला जमत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळवून वर्षाची बेगमी करणारी आपली घरं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक परंपराच सुरू झाली. आज दिवाळी अंकाचे संपादक उन्हाळा संपता संपता लेखकांच्या मागे लागतात, भर पावसाळ्यात मजकूर लावतात, तेव्हा कुठे वसुबारसेपर्यंत अंक हातात पडतो. दिवाळी अंक दिवाळीत लिहायला घेतला तर तो शिमग्याला निघेल, हे आपल्याला सांगावं लागत नाही. मग घरच्या फोटोच्याच नशिबी शेवटची रात्र का?

या फोटोचा खरा मुहूर्त गणपती. दिवाळीत घर वाटलं जातं. लेकी पाडव्यापर्यंत सासरी, भाऊबीजेला माहेरी. कुणी सुट्टीला सुट्टी जोडून फिरायला गेलेलं. गणपतीला मात्र घर एका छपराखाली येतं. मुंबईचा चाकरमानी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरी पोचतो, गोव्यातली कुटुंबं चवथीला मूळ घरी जमतात, पुण्या-कोल्हापुरात वेगळे राहणारे भाऊ गौरीजेवणाला एका पंगतीत बसतात. अंगावर चांगले कपडे असतात, चेहऱ्यावर आनंद असतो, आणि भाद्रपद चतुर्थीपासून आश्विन अमावास्येपर्यंत जवळजवळ आठ आठवडे हाताशी उरतात. छपाईला, पत्त्यांना आणि टपालाला एवढा वेळ पुरून उरतो.

पण गणपतीतही आपण हा फोटो हुकवतो. आरती नुकतीच झालेली असते. कुणीतरी ओरडतं, ‘सगळे इकडे या रे!’ पुरुष आणि पोरं मखरापुढे उभी राहतात. ‘काकू, तुम्हीपण या ना.’ आतून आवाज येतो, ‘तुम्ही काढून घ्या. माझे हात उकडीचे आहेत, शेवटचे मोदक राहिलेत.’ थोरली जाऊ ताटं पुसत असते, धाकटी पानं मांडत असते. ‘बरं, मग नंतर परत एक काढू,’ असं म्हणत कुणीतरी बटण दाबतं. नंतर कुणीच काढत नाही. पंगतीमागून पंगत उठते, दुपारच्या गाडीचं रिझर्वेशन असलेले निघून जातात. त्या घरचे गेल्या दहा वर्षांतले गणपतीचे फोटो काढून बघा. मखर दहाही वर्षं दिसेल; काकू एखाद्या फोटोत सापडली तर सापडली, तीही पाठमोरी.

मोदक वळणारी बाई घरच्या फोटोत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. ‘तिलाच वेळ नव्हता’ हे उत्तर मला पटत नाही. तिला वेळ नव्हता कारण तिच्या कामाच्या ऐन घाईतच फोटोची वेळ आली, आणि ती तशी आली कारण कुणी ठरवलीच नव्हती. उपाय सोपा आहे. फोटोची वेळ आदल्या दिवशी ठरवा, सगळ्या घराला सांगा आणि ती वेळ काय असावी हे काकूला ठरवू द्या.

चतुर्थीची दुपार सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-साडेआठला आंघोळी उरकल्या की अंगणात या. अंगण नसेल तर पडवी, गच्ची, इमारतीचं आवार, काहीही चालेल; उजेड समोरून चेहऱ्यावर यायला हवा. भाद्रपदातलं भरलेलं आभाळ फोटोला फार चांगलं. ढगांतून येणारा उजेड मऊ असतो, कुणाचे डोळे मिटत नाहीत, नाकाखाली काळ्या सावल्या पडत नाहीत. मखरापुढे उभं राहिलं की मागच्या दिव्यांच्या माळा तेवढ्या लखलखतात आणि माणसांचे चेहरे काळवंडतात. त्यात फ्लॅश मारला की पैठणीची जर आणि आजोबांचा चष्मा, दोन्ही पांढरेफटक.

आजीला मधोमध खुर्ची द्या आणि बाकीच्यांनी तिच्याभोवती उभं राहा. तिला कडेला उभं करून आधाराला भिंत शोधायला लावू नका. फोन स्टँडला लावा आणि दहा सेकंदांचा टायमर ठेवा, म्हणजे दरवर्षी कॅमेऱ्यामागे राहणारा भाऊ यंदा चौकटीत येईल. तान्ह्या बाळाचं पोट भरलेलं आणि झोप झालेली असू द्या. वीसेक फोटो पटापट काढा आणि दहा मिनिटांत सगळ्यांना मोकळं करा. पंधरा जणांसाठी एकाच रंगाचे कुडते शिवून घ्यायची काही गरज नाही. एका घरची माणसं चेहऱ्यावरून ओळखू येतात.

आणि कृपा करून कार्डाचा फ्लेक्स करू नका. मधे कर्त्या पुरुषाचा मोठा चेहरा, भोवती गोलात कापलेली डोकी, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून नावांची रांग: हे आपण चौकाचौकात पाहतोच, ते घरात आणू नका. जो येऊ शकला नाही त्याचं जुन्या फोटोतलं डोकं कापून चिकटवू नका. मागच्या बाजूला त्याचं नाव लिहा आणि तो कुठे आहे ते लिहा. पाहणाऱ्याला खरं काय ते कळू द्या.

आता छपाई. पाच बाय सात इंचांचं कार्ड नीट छापायचं तर फोटोत निदान १५०० बाय २१०० पिक्सेल लागतात. आजच्या फोनमध्ये ते सहज असतात; पण तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीनं पाठवला की दाबला जातो आणि छापल्यावर चेहरे पुसट येतात. म्हणून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या. चाळीस-पन्नास कार्डांसाठी ऑफसेटच्या प्लेटा करायची गरज नाही, डिजिटल छपाई पुरते. कागद ३०० जीएसएमचा आर्ट कार्ड घ्या आणि लॅमिनेशन फक्त फोटोच्या बाजूला करा. मागची बाजू कोरी ठेवा. लॅमिनेट केलेल्या कागदावर शाई धरत नाही, आणि हातानं लिहिलेल्या दोन ओळी नसतील तर कार्ड पाठवण्यातला अर्धा अर्थ गेला.

छापखान्यात दसऱ्याच्या आत जा. त्यानंतर तिथे दिवाळी अंक, नव्या वर्षाची कॅलेंडरं, कंपन्यांच्या डायऱ्या आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या लग्नपत्रिका यांची एकच गर्दी उडते. त्या गर्दीत तुमची पन्नास कार्डं शेवटी पडणार, आणि त्यात छापखानेवाल्याचा दोष नाही. प्रूफ कागदावर मागा आणि घरातल्या दोघांनी वेगवेगळं वाचा. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात नेला की जोडाक्षरं फुटतात, ‘ऱ्या’चे तुकडे होतात, आणि नेमकं आजोळचं आडनाव चुकतं. ‘दीपावली’तला ‘दी’ दीर्घ आहे, तेवढा पाहून घ्या.

२०२६ सालचं वेळापत्रक मांडून दाखवतो. यंदा ज्येष्ठ अधिक असल्यामुळे सण उशिरा आहेत. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. फोटो १५ सप्टेंबरला काढा. २७ सप्टेंबरपासून पितृपक्ष. शुभकार्य नको म्हणून कुणी हात आखडेल, पण पत्ते जमवायला आणि कुणाला काय लिहायचं हे ठरवायला कसली आडकाठी? आपल्या गेलेल्या माणसांची आठवण काढण्याचा तो पंधरवडा आहे, त्यात हयात असलेल्यांचीही काढावी. घटस्थापनेला फोटो छापखान्यात पोचवा, दसऱ्याला कार्डं घरी आणा. पुढच्या चार-पाच संध्याकाळी सगळ्यांनी मिळून पाकिटं लिहा आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीला पोस्टात टाका. परदेशी जाणारी कार्डं याहून पंधरा दिवस आधी निघाली पाहिजेत, म्हणजे त्यांच्यापुरती छपाई पितृपक्षातच उरकावी लागेल.

यातलं सगळ्यात दुर्लक्षित काम पत्त्यांचं. आज प्रत्येकाकडे माणसांचे नंबर आहेत, पत्ता कुणाचाच नाही. ‘लोकेशन पाठव’ म्हणून टपाल पोचत नसतं. पिनकोड हा एका मराठी माणसाच्या पुढाकारातून आलेला. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार. देशात एकाच नावाची असंख्य गावं, पत्ते लिहायला अनेक भाषा आणि अनेक लिप्या, त्यातून पत्रांची होणारी भटकंती यावर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय काढला, आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला. महाराष्ट्राचे पिनकोड ४० ते ४४ या आकड्यांनी सुरू होतात, गोव्याचे ४०३ नं. वडगाव आणि पिंपळगाव आपल्याकडे किती आहेत ते आठवा आणि पिनकोड न लिहिता पाकीट टाकायचं की नाही ते ठरवा.

वजनही पाहा. साधं पत्र २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांच्या तिकिटावर जातं. पाच बाय सातचं एकपानी जाड कार्ड साधारण ७ ग्रॅमचं, पाकीट पाच-सहा ग्रॅमचं; निर्धास्त टाका. घडीचं कार्ड घेतलंत तर वजन २० ग्रॅमच्या काठावर येतं, आणि आत एखादी चिठ्ठी घातली की काठ ओलांडतं. तिकीट कमी पडलं तर जेवढं कमी त्याच्या दुप्पट पैसे टपालखातं पत्र घेणाऱ्याकडून वसूल करतं. शुभेच्छा तुमच्या आणि भुर्दंड म्हाताऱ्या आत्याला, असं होऊ देऊ नका. एक पाकीट पोस्टात नेऊन काट्यावर ठेवा, मग बाकीच्यांना तिकिटं लावा. हौस असेल तर टपालखात्याची ‘माय स्टँप’ योजना आहे: तिकिटांशेजारी तुमचा फोटो छापलेला १२ तिकिटांचा ताव ३०० रुपयांत मिळतो. तो आजीच्या फोटोचा करा. पाकिटावर आजी पाहून माहेरच्या माणसांना काय वाटेल, ते मी सांगायला नको.

पाठवायचं कुणाला? ज्यांना दिवसाला पन्नास शुभेच्छा मिळतात त्यांना यादीत शेवटी घाला. आधी लिहा ती एकट्या राहणाऱ्या मावशीचं नाव, वृद्धाश्रमात गेलेल्या शेजाऱ्यांचं, गावाकडचं घर सांभाळणाऱ्या चुलत्याचं, तुम्हाला पहिली-दुसरीत शिकवणाऱ्या बाईंचं. मागच्या बाजूला मुलांचे टक्के, जावयाचं पॅकेज आणि नव्या फ्लॅटचं क्षेत्रफळ लिहू नका. ‘तुमच्या हातच्या अनारशांची आठवण निघाली होती’ अशी एक ओळ लिहा. ती त्या एकाच माणसाला लागू पडते, म्हणून ती पुन्हा पुन्हा वाचली जाते.

आणि ज्या घरात या वर्षी कुणी गेलं आहे, त्या घरी हसऱ्या कुटुंबाचा फोटो पाठवू नका. त्यांना साध्या कागदावर पत्र लिहा, गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द लिहा. यादी आधी केली असेल तरच ही काळजी घेता येते. शेवटच्या रात्री ‘सगळ्यांना पाठवा’ असं बटण दाबणाऱ्याच्या हातून ती घेतली जात नाही, आणि दुःखातल्या घरी दिवाळीचे फटाके फुटणारी चित्रं जाऊन पडतात.

‘एवढा खटाटोप कशाला, व्हॉट्सअ‍ॅपवर एका क्षणात जातं की,’ असं म्हणणारे भेटतातच. जातं, पण ज्याला फोन हाताळता येतो त्याच्याकडे जातं, आणि दुपारपर्यंत इतर शंभर चित्रांखाली गाडलं जातं. माझ्या एका आत्याच्या घरी टीव्हीशेजारच्या शोकेसच्या काचेला आतून कार्डं खोचलेली आहेत. येईल त्याला ती काचेवर बोट ठेवून दाखवते: हा धाकट्याचा दुसरा मुलगा, ही आमच्या ठाण्याच्या भाचीची मुलगी, यंदा हिचे पुढचे दात पडलेत. तेच चेहरे फोनमध्ये पाहायचे तर दुसऱ्या कुणीतरी शेजारी बसून बोटानं पुढे सरकवावे लागतात, आणि तसं बसायला रोज कोण आहे? कार्ड तिचं तिला, हवं तेव्हा बघता येतं. चष्मा लावला की झालं.

म्हणून हा लेख वाचून झाला की एक काम करा. नात्यातलं सगळ्यात वयस्कर माणूस कोण ते आठवा, त्यांना फोन लावा आणि त्यांचा पत्ता पिनकोडसकट एका वहीत लिहून घ्या. यादीची सुरुवात त्या नावानं होऊ द्या. आणि गणपतीला घरी पोचलात की पिशव्या ठेवायच्या आधी स्वयंपाकघरात जा आणि काकूला विचारा, ‘उद्या फोटो किती वाजता काढायचा?’ ती म्हणेल त्या वेळेला सगळ्यांनी हजर राहा.